ठकूबाईचा पांढरा जावई

कळमदऱ्याला वेस होती आणि वेशीला दरवाजा होता, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षांपूर्वीची. किती वर्षं ते विचारू नये. मोजणारे मेले, गोष्ट राहिली.

गावात ठकूबाई म्हणून एक बाई होती. माळावरचं गवत कापायचं, भारा बांधायचा आणि नदीपलीकडच्या गढीवर, सरदारांच्या पागेत नेऊन टाकायचा, हे तिचं काम. नवरा लवकर गेला. एकुलती लेक नवव्या वर्षी तापानं गेली. पण ठकूबाई वाकली नाही. तिचं तोंड असं की ती भांडायला उभी राहिली म्हणजे वडावरचे बगळे उडून पलीकडच्या गावी जात, असं म्हणतात.

एका वर्षी सरदार नागोजीरावांनी बंदरावरून अरबी घोडा आणवला. चंद्र धुऊन वाळत घातला तर जसा दिसेल तसा पांढरा. तोंड लहानसं, डोळ्यांखाली किंचित दबलेलं, आणि डोळे एवढे मोठे की पाहणाऱ्याला त्यात आपण दिसावं आणि आपण बरे दिसावं. चालायला लागला की शेपूट कारंज्यासारखं वर. तो नदीवर पाणी प्यायला उतरला तेव्हा परटिणींनी धुतलेली धुणी पुन्हा पाण्यात टाकली. त्याच्यापुढं सगळी मळकीच दिसत होती, असं म्हणतात.

पण गढीवर एक शास्त्रीबुवा होते. घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे पाहून शुभाशुभ सांगणं हा त्यांचा धंदा. त्यांनी घोड्याला तीन फेऱ्या मारल्या आणि कपाळावर हात मारला.

"सरकार, घात झाला! डाव्या डोळ्याखाली आसूढाळ भोवरा आहे. हा ज्याच्या दारात, त्याच्या घरात रडारड."

नागोजीराव लढाईत वाघ होते, पण भोवऱ्याला भीत. "काढा ह्याला गढीबाहेर," ते म्हणाले. "कुणालाही द्या." पण घ्यायला कोण धजणार? सगळे एकेक पाऊल मागं सरले. ठकूबाईनं डोक्यावरचा भारा खाली टाकला.

"माझ्या घरात रडायला उरलंय कोण? द्या इकडं."

आणि अरबस्तानचा तो राजबिंडा घोडा गवतवालीच्या छपरात आला.

आता ठकूबाईला गोड बोलायची सवय नव्हती. पहिल्याच दिवशी ती ओरडली, "अरे मेल्या, सरक की तिकडं!" घोड्यानं तिच्याकडं एकदा पाहिलं, भिंतीकडं तोंड केलं आणि जेवण सोडलं. गवत नको, भिजवलेले हरभरे नकोत, पाणी नको. दोन दिवस गेले. शेजारचा म्हाळू कुंभार कुडावरून पाहत होता.

"ठकूबाई, हे जनावराचं दुखणं न्हाई. माझा थोरला जावई हुबेहूब असाच बसतो."

ठकूबाईनं त्याला दहा शिव्या दिल्या. मग तो गेल्यावर कोपऱ्यातला पाट काढला. लेकीच्या लग्नासाठी म्हणून कधीकाळी करवलेला, कोरा करकरीत. तो मांडला, भोवती रांगोळीची एक रेघ ओढली, वर हरभऱ्याची टोपली ठेवली, डोईवर पदर घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाली, "चुकलं माझं, जावईबापू. दोन घास घ्या."

घोडा वळला आणि पाटापुढं मान लववून जेवला.

त्या दिवसापासून तो जावईबापू झाला. साऱ्या गावाचाच झाला, कारण जावई एका घरचा असला तरी मान गावानं द्यायचा असतो. त्याला कुणी अरे-तुरे केलं नाही. धोंड्याच्या महिन्यात त्याला तेहतीस अनारसे मिळत आणि तो बत्तीस खाऊन एक ठकूबाईसाठी ठेवी, असं म्हणतात. तान्ही पोरं त्याच्या चार पायांमध्ये झोपत आणि ती उठेपर्यंत तो खूर हलवीत नसे. ठकूबाई कापणीला निघाली की तो मागून येई, भारा पाठीवर घेई, आणि चढ लागला की तिलाही घेई. गवताच्या भाऱ्यावर बसून पांढऱ्या घोड्यावरून येणारी ठकूबाई राणीसारखी दिसे. आणि राणीसारखीच शिव्या देई, फक्त त्याला सोडून.

तीन वर्षं गेली. मग परमुलखातल्या एका पाहुण्या सरदारानं घोडा नदीवर पाहिला आणि गढीवर येऊन मिशीवर हात फिरवला. "असा घोडा ह्या मुलखात आहे, आणि तुमच्या पागेत नाही?"

नागोजीरावांचं नाक कापलं गेलं. त्यांनी शास्त्रीबुवांकडं पाहिलं. शास्त्रीबुवा लगबगीनं नदीवर गेले, लगबगीनं आले.

"सरकार, भोवरा दोन बोटं खाली सरकलाय. आता शुभ!"

दुसऱ्या दिवशी बारा स्वार ठकूबाईच्या दारात. उभ्या जन्मात तिच्या कोऱ्या पाटावर एकच माणूस येऊन जेवलं होतं, तेही न्यायला निघाले. ठकूबाई विळा घेऊन आडवी उभी राहिली.

"जावयाला दावं लावता? आईनं हेच शिकवलं का रं?"

त्यांनी दावं लावलं. बाराजणांनी ओढलं. घोडा डोंगरासारखा उभा. एकानं चाबूक उगारला, तेव्हा गावातल्या बाया लाटणी घेऊन बाहेर आल्या आणि चाबूक खाली आला. शेवटी नागोजीराव स्वतः आले. ते हुशार होते. म्हाळू कुंभाराला एक पागोटं देऊन त्यांनी सगळी रीत काढून घेतली. मग साऱ्या गावासमोर पाट मांडवला, घोड्याचे खूर पाण्यानं धुतले, कपाळी कुंकू लावलं आणि हात जोडून म्हणाले, "उठा जावईबापू. आमच्याही घरी पायधूळ झाडा."

आणि घोडा निघाला!

ठकूबाईनं विळा खाली ठेवला. मानानं बोलावलं तर जावई जायचाच, हे तिनंच त्याला शिकवलं होतं. अडवायचं कशाच्या जोरावर? "सावकाश या," एवढंच ती म्हणाली आणि छपरात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. जेवण सोडलं.

गढीवर घोड्याला भरजरी शेला पांघरला. पुरणाचं खाऊ घातलं. सव्वा दिवस तो मानानं राहिला. मग दिंडी दरवाज्यापाशी जाऊन उभा राहिला, निरोप घेणाऱ्या जावयासारखा.

"दार लावा!" नागोजीराव ओरडले.

तेवढ्यात माजघरातून सरकारीणबाई बाहेर आल्या. "लावा की. साऱ्या गावापुढं जावई म्हणालात, आहेर केलात. आता काय घरजावई करून ठेवता? ह्या घराण्यात सात पिढ्यांत असलं झालं नाही. उद्या तो पाहुणा सरदार विचारील, जावई दाव्याला बांधतात का तुमच्याकडं?"

नागोजीरावांनी दाराकडं हात केला. दार उघडलं गेलं. जावयाला सासऱ्यानं वेशीपर्यंत पोचवायचं असतं, म्हणून सरकार चालत निघाले. गढीची वेस आली. सरकार थांबले, तर घोडाही थांबला. मागं वळून त्यानं मोठ्या डोळ्यांनी पाहिलं. अर्ध्यातून कसं परतायचं? असं करत करत भर उन्हात, नदी ओलांडून, पायी, सरदार नागोजीराव कळमदऱ्यात पोचले. पुढं शेला पांघरलेला घोडा, मागं घामाघूम सासरा.

ठकूबाई अजून भिंतीकडंच तोंड करून होती. घोड्यानं तिच्या खांद्यावर नाक ठेवलं.

"आलात?" ती म्हणाली. मग दारातल्या सरकारांना पाहून उठली. "आणि दुसरे सासरेबुवा पण आले! बसा, भाकरी टाकते."

नागोजीराव बसले. तीन भाकरी खाल्ल्या, असं म्हणतात, आणि घोड्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

कळमदऱ्यात घोड्यावर चाबूक आजही उगारत नाहीत. आणि लग्नाची वरात मांडवाशी आली की ठकूबाईच्या नावानं पाट मांडतात, हरभऱ्याची टोपली ठेवतात आणि आधी घोडा जेवतो. नवरदेव खाली उतरून हात जोडून उभा राहतो. एखादा मुंडावळ्या सावरत कुरकुरला, तर गावातली कुणीही म्हातारी त्याला गप्प करते:

"थांब रे. मोठा जावई जेवतोय."