सगुणाबाईची सुट्टी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सगुणाबाई वीस वर्षं फुलं विकते. जाहिरात कंपनीतला बडा साहेब तळपदे गल्लीत राहायला आला आणि गल्लीकरांच्या पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाला, "त्या बाईला उठवा. तिथे डिजिटल बोर्ड लावू. माझे चाळीस हजार फॉलोअर्स आहेत. तिला कोण ओळखतं?"

लोक माना डोलावू लागले. सगुणाचा चेहरा उतरला. मी शाळेची पायरी चढले नाही, पण डोकं माझं शाबूत आहे. म्हटलं, "आधी तिला उद्या एक दिवस सुट्टी द्या. मग ठरवू."

"एक काय, दहा द्या, आजी!" साहेब हसला.

आमच्याकडे जसं घर बांधलं तसा नंबर पडला, म्हणून सातच्या शेजारी एकतीस. मोबाइलचा नकाशा थेट नाल्यावर नेतो. त्यामुळे येणारा प्रत्येकजण पत्ता विचारतो तो सगुणालाच.

दुसऱ्या दिवशी तळपदेचं पार्सल परत गेलं, मागवलेलं जेवण आलंच नाही आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक नाल्याकाठी गाडी रुतवून बसलं. दुपारी तो धापा टाकत माझ्या दारात आला. "आजी, कुणालाच माझं घर सापडत नाहीये!"

"मग त्या चाळीस हजारांना विचार की, बाबा! एकाला तरी तुझं दार ठाऊक असेल!"

तो खाली मान घालून गेला.

सकाळी सगुणाची टोपली जागेवर दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. शेजारीच उभा राहून तळपदे फोनवर ओरडत होता, "गल्लीच्या तोंडाशी फुलवाली आहे, तिलाच विचारा!"