आत वळलेले काटे

कुंपण घालताना बाभळीच्या फांद्यांचे बुंधे आत आणि काटेरी शेंडे बाहेर ठेवतात. बाभूळखिंडीच्या कुंपणाचे शेंडे मात्र गावाकडे वळलेले आहेत. पाहुणे हसतात. मग गावचे वृद्ध गुरव धोंडिबा त्यांना पारावर बसवतात आणि सोमाजी राखणदाराची हकिकत सांगतात.

फार पूर्वी मोठा दुष्काळ पडला होता, असे सांगतात. गावाजवळ उरले होते ते फक्त पेरणीचे बियाणे, आणि तेही जमिनीखालच्या एकाच पेवात. ते सरले असते, तर गाव उठले असते. कुंपणाची वाट रोज सांजेला फांद्यांनी बंद करण्याचे काम सोमाजीकडे होते. एका सकाळी वाट उघडी दिसली आणि पेवातले बियाणे कमी झालेले आढळले.

कुंपणाबाहेर तुळसा नावाची परगावची विधवा लहान मुलीसह खोपट घालून उतरली होती. ती जाती टाकवून, म्हणजे झिजलेल्या जात्यांना टाकीचे घाव घालून, पोट भरीत असे. सर्वांच्या नजरा तिच्याकडे वळल्या.

"जाती टाकवायला आलीस, का पेवं हुडकायला?" बायकांनी विचारले.

तुळसाने सोमाजीपुढे तळवे धरले. "भाऊ, माझे हात तरी बघा. बाभळीला हात घातला असता, तर ओरखडा नसता का उठला?"

"चोराचे हात काय बघायचे!" सोमाजी म्हणाला आणि त्याने तोंड फिरवले. भर उन्हात मायलेकींना हाकलून देण्यात आले.

दुसऱ्या सकाळी वाट पुन्हा उघडी होती.

सोमाजी फांदीपाशी खाली बसला. फांदी गावाच्या बाजूला ओढलेली होती. ती ओढायची, तर बुंध्याला धरूनच ओढावी लागते. आणि बुंधे तर आत होते. मागे जमलेल्या माणसांकडे त्याने वळून पाहिले. सगळे त्याच्या ओळखीचे होते. एकदोघांनी हात पाठीमागे घेतले म्हणे.

तो तुळसाच्या मागे धावला. ओढ्याकाठी त्याला विझलेली चूल तेवढी सापडली. परतल्यावर त्याने एकट्याने सारे कुंपण उलटे लावले. हात रक्ताळले, पण त्याने कोणाला मदतीस येऊ दिले नाही. "ती येऊन माझे हात बघेपर्यंत मी गावात पाय ठेवणार नाही," अशी शपथ घेऊन तो तिच्या खोपटाच्या जागी राहिला आणि तेथेच वारला. तुळसा परत आली नाही.

चोर कोण होता? प्रत्येक घर दुसऱ्या घराचे नाव सांगते, तेही आवाज उतरवून.

आजही पेरणीपूर्वी बियाणे काढताना सारा गाव ओळीने तळवे पुढे करतो. ते तपासण्याचा मान गावकऱ्याला नाही. तो परक्या माणसाचा. म्हणूनच एवढे सांगून झाले, की धोंडिबा आपले दोन्ही हात पाहुण्यांपुढे पसरतात.

"बघा," ते म्हणतात, "आणि नीट बघा. तोंड फिरवू नका."