आधी चार जणांना सांगून या

एका गावात एक भोळा नवरा होता. नाव येसबा. बायकोचा शब्द तो कधी खाली पडू देत नसे. गुण म्हणाल तर हाच, आणि खोड म्हणाल तर हीच.

बायको इंदुमती मात्र हुशार. शहरात राहून ती ॲक्युपंक्चर शिकून आली होती, म्हणजे अंगात बारीक सुया टोचून दुखणं घालवायची विद्या. अंतूशेठची बाजारातली खोली भाड्यानं घेऊन तिनं हौसेनं दवाखाना थाटला. दोन महिने झाले, बाकावर माशी बसेना. शेवटी अंतूशेठ म्हणाले, "इंदूताई, अक्षय्य तृतीयेला दुपारी येतो. बाकावर एक जरी रोगी दिसला तर खोली तुमची. नाही दिसला तर मी मिरची कांडायचं यंत्र बसवतो. मुहूर्तही चांगला आहे."

इंदुमतीनं तडक घर गाठलं. ती येसबाला म्हणाली, "अहो, जरा चार लोकांत सांगा, आम्ही सुया टोचतो म्हणून."

येसबा भर बाजारात गेला. मूठभर सुया उंच धरून ओरडला, "सुया टोचतो! कुणाला टोचू?"

अर्धा बाजार पांगला. कासारीण बांगड्या टाकून पळाली.

इंदुमतीनं कपाळाला हात लावला. "असं ओरडतात होय? जवळ जावं, वाकावं, हळूच कानात विचारावं, कुठं दुखतंय?"

"बरं," येसबा म्हणाला.

वरच्या आळीत एका दारापुढं गर्दी होती. मधोमध नानू गुरव निजला होता आणि भोवती सगळे रडत होते. येसबा जवळ गेला, वाकला, हळूच कानात म्हणाला, "कुठं दुखतंय?" नानू बोलेना. येसबानं दुसऱ्या कानात विचारलं. मग नानूच्या भावांनी येसबाला असा बदडला की कुठं दुखत नाही तेच त्याला सांगता येईना.

"नानू काय म्हणाला?" इंदुमतीनं हळद लावता लावता विचारलं.

"काहीच न्हाई. त्याला दुखत नसावं."

"अहो, मेला होता तो! बोलत्या माणसाला विचारा. आणि नको म्हणाला की मुकाट पुढं व्हा. आग्रह करायचा नाही. आग्रहानं माणूस बिचकतो."

"बरं," येसबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चुलत मेव्हणीचं लग्न होतं. येसबाच्या हातात जिलब्यांचं ताट आलं. पंगतीला वरपक्ष. नवऱ्याचा मामा रीतीप्रमाणे म्हणाला, "नको, नको." येसबा पुढं गेला. काकाही रीतीनं म्हणाला, "नको हो, पुरे." येसबा आणखी पुढं गेला. पंगत संपली, जिलब्या भरल्या ताटात तशाच, आणि नवऱ्याचा मामा रुसून एस्टीत जाऊन बसला.

"पंगतीत नको म्हणजे वाढा!" इंदुमती ओरडली. "हात आडवा केला तरी दोन जास्तच टाकायच्या. माझ्या गळ्याची शपथ म्हणायचं."

"बरं," येसबा म्हणाला.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी देव पावला. अंतूशेठची आई, गोदाआजी, काठी टेकत दवाखान्यात आली. दोन वर्षं गुडघ्यानं हैराण. इंदुमतीनं तिला खाटेवर निजवून पाच सुया लावल्या आणि म्हणाली, "अहो, मी पाणी भरून येते. आजींना काय हवं नको बघा."

येसबानं सुयांची डबी उचलली. "आजी, आणखी एक?"

"नको रे बाबा, पुरे," म्हणत आजीनं हात आडवा केला.

"असं कसं? माझ्या गळ्याची शपथ!" आणि येसबानं दोन जास्तच वाढल्या.

आजीनं जी उडी मारली ती थेट रस्त्यावर. काठी खाटेशीच राहिली. पायात सात सुया चमकवत म्हातारी अख्ख्या बाजारातून पळत घरी गेली. बघणारे थक्क झाले. "अरे, गोदाआजी पळतीय! काय गुण आहे बाईच्या हाताला!"

इंदुमतीला हसावं की रडावं कळेना. रात्री ती म्हणाली, "उद्या माणसं येणार. मी आत सुया लावते, तुम्ही दारात बसा. ज्याला बरं वाटलं, त्याला हात जोडून एवढंच म्हणायचं, आणखी चार जणांना सांगा. गोड बोलायचं, आग्रह नको."

"बरं," येसबा म्हणाला.

सकाळी दारात ही रांग! पहिला महादू कुंभार, कंबर धरून वाकलेला. येसबानं विचारलं, "काय महादबा, बरं वाटतंय का?"

भेटल्यावर आपण सगळेच म्हणतो तसं महादू म्हणाला, "बरं हाय की. तुमचं?"

येसबानं हात जोडले. "मग आधी चार जणांना सांगून या."

महादूला वाटलं, पथ्य असेल. तो गेला. मागच्यालाही बरंच होतं. त्याच्या मागच्यालाही. घटकाभरात रांग संपली आणि गावात जो तो सांगायला चार जण शोधत फिरू लागला.

दुपारी अंतूशेठ आले. बाक रिकामा. इंदुमती सुया घेऊन उभी, डोळ्यांत पाणी.

"रोगी कुठं आहेत?" अंतूशेठनी विचारलं.

"चार जणांना सांगाया गेल्यात," येसबा म्हणाला. "गावातली माणसं संपली, म्हणून आता शेजारच्या गावाला निघाल्यात."

अंतूशेठनी डोकं गच्च धरलं. "अरे देवा! सकाळपासून बरं होतं. तुझं ऐकून डोकं ठणकायला लागलं."

इंदुमतीचा चेहरा उजळला. रोगी मिळाला होता! "या शेठ, बाकावर बसा, आत्ता सुई लावते."

तेवढ्यात येसबा हात जोडून आडवा आला. "बरं होतं म्हणालात न्हवं? मग शेठ, आधी चार जणांना सांगून या."

अंतूशेठ गेले, आणि खरोखरच चार जणांना घेऊन आले. चौघांच्या खांद्यावर मिरची कांडायचं यंत्र होतं.

येसबानं आनंदानं हाक मारली, "इंदू, बघ की! एकदाच सांगितलं, आन चार आले. आग्रह जरासुदिक केला न्हाई!"