‘तात्पुरतं’ चालणार नाही!

“तार बदलायची नाही, यंत्र बदलायचं नाही, आणि घंटा व्हायच्या आत मुख्य कचेरीचा निरोप गोदामाला पोहोचला पाहिजे!” हुदलीकर सरांनी फर्मान सोडलं आणि मिशीला पीळ दिला.

नेटवर्किंगच्या प्रमाणपत्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. टेबलावर तीन राउटर मांडलेले: एक म्हणजे मुख्य कचेरी, दुसरा गोदाम, तिसरा दुकान. तिघंही तारांनी एकमेकांना जोडलेले. पण कचेरीपासून गोदामापर्यंतची तार सरांनी मुद्दाम मेलेली लावली होती. आता काय म्हणावं या माणसाला! एकेक पोरगा आला, तार हलवून बघितली, घाम पुसला आणि चालता झाला.

मग आली वृषाली तांदळे, परभणीच्या केबलवाल्याची लेक. बिचारीचा जीव टांगणीला लागला होता. नोकरी मिळाली होती, पण सोमवारी प्रमाणपत्र दाखवलं तरच! नाहीतर जागा दुसऱ्याला.

“काय, तार मेली वाटतं?” सर मिशीतल्या मिशीत हसले.

“मेली तर मेली, सर! पूल बंद म्हणून वऱ्हाड काय घरी परत जातं? वळसा घालून जातं!”

तिनं संगणकाची बटणं खटाखट दाबली. कचेरीला बजावलं, “गोदामासाठीचा निरोप दुकानाकडे दे.” दुकानाला सांगितलं, “तू पुढे पोहोचव.” परतीची वाटही तशीच बांधली. झालं! पडद्यावर गोदामाचं उत्तर हजर!

पण केलेल्या जोडावर चिठ्ठी लावल्याशिवाय खांबावरून उतरायचं नाही, ही तिच्या घरची शिस्त. तिनं कागदाचा तुकडा घेतला आणि राउटरवर डकवला: ‘तात्पुरती सोय. तार बदलली की काढावी.’

ते वाचून सर भडकलेच.

“तात्पुरती? माझ्या परीक्षेत तात्पुरतं काही चालत नाही! काम हवं ते कायमचं! नापास!”

उत्तरपत्रिकेवर शेरा, सही आणि वर धाडकन शिक्का!

वृषालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. रागही आला, का नाही येणार? निरोप पोहोचला होता की! तिनं कागद उचलला आणि शिक्का नीट वाचला.

“सर, इथं ‘प्रभारी परीक्षाप्रमुख’ असं लिहिलंय. प्रभारी म्हणजे काय हो?”

“एवढंही कळत नाही? कायमचा माणूस मिळेपर्यंत काम अडू नये, म्हणून ज्याच्याकडे कारभार देतात तो!”

“अस्सं! म्हणजे तात्पुरती सोय!”

दाराशी उभ्या शिपायाला एकाएकी खोकल्याची उबळ आली.

“काय म्हणालीस?” सर गरजले.

“मी कुठं काय म्हणाले, सर? शिक्काच म्हणतोय! आता तुम्हीच सांगा. तात्पुरतं चालत नसेल, तर ही सही चालत नाही, मग मी नापास कशी? आणि चालत असेल, तर मी पास!”

सरांनी शिक्क्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं, आणि त्यांना असं खदाखदा हसू फुटलं की चष्मा टेबलावर पडला.

“अगं, केस पिकले माझे, तरी प्रभारीच आहे गं मी!” डोळे पुसत त्यांनी ‘नापास’मधला ‘ना’ खोडला, पैकीच्या पैकी गुण दिले आणि तिथल्या तिथं प्रमाणपत्र लिहून तिच्या हातात ठेवलं.

“घे! आणि हे मात्र कायमचं, बरं का!”