मानाची होडी

कोलंबिया नदीकाठचे चिनूक लोक देवदाराचं अख्खं खोड कोरून होड्या करायचे, त्या काळची ही गोष्ट. सरदाराची रंगीत होडी मासे वाहणाऱ्या जुन्या होडीशेजारी बांधलेली असे.

"आक्का, जरा लांब सरक, वास येतो," ती म्हणायची. "मला उंच, मानाची जागा मिळणार आहे."

सरदार वारला. रिवाजाप्रमाणे त्याला त्याच्याच होडीत निजवून होडी उंच खांबांवर चढवली. ती फुलून गेली. मग सुतार तिच्या तळाला भोकं पाडू लागला.

"अरे, हे काय करतोस?"

"पावसाचं पाणी साचायला नको," तो म्हणाला. "आणि तुला आता कुठं नदीत उतरायचंय?"

खालून जुनी होडी मासे भरून निघाली होती.

"आक्का," वरून हाक आली, "आज जरा जवळून जा ना."