झुंबरची गाठ

फार पूर्वी, विहिरीवर वाकलेल्या एका बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. तिथे घरटी नरच विणत, आणि ज्याची गाठ कच्ची, त्याचं घरटं पहिल्याच वावटळीत विहिरीत जाई. म्हणून पिवळोबाचा जीव टांगणीला लागला होता. त्याचा पोरगा झुंबर गाठच मारेना! "मार रे राजा, एक तरी!" म्हटलं की तो ओरडे, "मी पक्षी नाहीच! मी बेडूक!" आणि उड्या मारत पळे.

"हट्टी आहे कार्टं," पिवळोबा शेजारच्या शिंपीणमावशीपाशी कुरकुरला.

पानं शिवून घर करणारं ते एवढंसं पाखरू म्हणालं, "हट्ट कुठला! 'कर' म्हटलं की त्याची छाती बघा कशी धडधडते. घाबरतो हो तो."

दुसऱ्या दिवशी मावशी बेडूक होऊनच आली. "डराँव!" झुंबरशेजारी बसून ती गवताच्या पातीचा झोका बांधू लागली. त्याला मात्र तिने काहीच सांगितलं नाही. झोका सुटला आणि मावशी धपकन खालच्या फांदीवर! झुंबर खदखदून हसला. त्याने पाती चोचीत धरली, फांदीभोवती फिरवली, आतून ओढली आणि काय! गाठ! पक्की गाठ!

पिवळोबा वरच्या फांदीवरून बघत होता. 'शाब्बास! आता दुसरी!' अगदी चोचीशी आलं होतं. मावशीने डोळे वटारले. त्याने शब्द गिळले, पाय दुमडले, गळा फुगवला.

"डराँव," पिवळोबा म्हणाला.

झुंबरने वळून बघितलं, आणि दुसरी पाती उचलली.