झिपरूने पोरांना पळत पळत वाचायला शिकवलं

एका गावात एक भोळा खेळमास्तर होता. नाव झिपरू. अंगाने दांडगा, मनाने गरीब गाय. एकदा सांगितलेलं कधी विसरायचा नाही, सगळा घोळ तिथेच होता. शाळेच्या मोठ्या बाई अनसूयाबाई. त्याला पहिलीत त्यांनीच शिकवलेलं, म्हणून त्या त्याला अरेतुरे करायच्या.

एकदा वरून निरोप आला. साहेब तपासायला येणार. पोरांना वाचता आलं नाही, तर शाळा बंद. मग सगळी पोरं ओढ्यापलीकडच्या शाळेत. पण पोरं वर्गात बसतील तर शपथ!

बाई म्हणाल्या, "झिपरू, मैदानावर पांढऱ्या फक्कीने अक्षरं काढ. मी 'क' म्हटलं की पोरांनी लंगडी घालत 'क'वर जायचं."

झिपरूने अक्षरं झकास काढली. पण अक्षराला पाय लागला की पाया पडायचं, हेही बाईंनीच शिकवलेलं. पोरं 'क'वर गेली, वाकून पाया पडली. 'म'वर गेली, पाया पडली. 'ळ' येईपर्यंत निम्मी पोरं कंबर धरून खाली बसली.

"अरे देवा! झिपरू, खेळात पाया पडायचं नसतं. समोर दिसेल त्याला पळत जाऊन शिवायचं आणि मोठ्याने नाव घ्यायचं."

"चुकलं बाई. आता लक्षात ठेवतो."

ठेवलं की! दुसऱ्या दिवशी सरपंच धोंडिराम पाटील पोरांना खाऊ घेऊन आले. झिपरूने शिट्टी फुंकली. सगळी शाळा सरपंचांना जाऊन भिडली. "धोंडिराम! धोंडिराम!" सरपंचांचं उपरणं एकीकडे, चष्मा दुसरीकडे. खाऊ कुठे गेला ते पोरांनाच माहीत.

"अरे देवा! झिपरू, कुणी आलं की उभं राहायचं, हात जोडायचे आणि 'बसा' म्हणेपर्यंत हलायचं नाही."

"चुकलं बाई. आता लक्षात ठेवतो."

तिसऱ्या दिवशी कुणाचा तरी बैल आत शिरला. झिपरू आणि सगळी पोरं हात जोडून उभी. बैलाने खिचडीच्या पातेल्यात तोंड घातलं. पातेलं चाटूनपुसून साफ केलं. पण 'बसा' काही म्हणेना. बाई आल्या तेव्हा बैल ढेकर देत होता आणि पोरं उपाशी उभी होती.

"अरे देवा! झिपरू, असं कुणी आत शिरलं तर आरडाओरडा करायचा, काठी घ्यायची आणि पार रस्त्यापर्यंत हाकलायचं!"

"चुकलं बाई. आता लक्षात ठेवतो."

चौथ्या दिवशी साहेब आत शिरले.

झिपरूने काठी घेतली. पुढे साहेब, मागे झिपरू, त्याच्यामागे अख्खी शाळा. साहेब कसेबसे जीपमध्ये चढले. जीपच्या दारावर रंगवलेली अक्षरं. मैदानावर अक्षरांचा खेळ रोज चालूच होता, त्यामुळे अक्षर दिसलं की पळत जाऊन शिवायचं आणि मोठ्याने वाचायचं, हे आता पोरांच्या अंगात मुरलं होतं. पोरं दाराला जाऊन चिकटली आणि ओरडली, "शि-क्ष-ण वि-भा-ग!"

साहेबांनी घाबरत घाबरत काच खाली केली. "अहो बाई, ही तर वाचतायत!"

बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"शाळा कुठे जात नाही," साहेब म्हणाले. "दुपारी मोठ्या साहेबांना घेऊन येतो, त्यांनाही बघू द्या. आणि मास्तर, पोरांना असंच पळत पळत वाचू द्या. अजिबात थांबवू नका!"

"लक्षात ठेवतो साहेब," झिपरू म्हणाला.

बाई आनंदाने गावात पेढे वाटायला गेल्या.

दुपारी मोठे साहेब आले. बाई पेढ्यांचं ताट घेऊन धावत आल्या. मैदान रिकामं. वर्ग रिकामे. पायरीवर एकटा झिपरू घाम पुसत बसलेला.

"झिपरू, पोरं कुठायत रे?"

"पळत पळत वाचत गेली बाई. दुकानाची पाटी वाचली, गिरणीची वाचली, रस्त्यावरचे मैलाचे दगड वाचले. मी एकालाही थांबवलं नाही."

"अरे, पण गेली कुठे?"

"ओढ्यापलीकडच्या शाळेत. रस्त्यातली शेवटची पाटी तिचीच होती. बिनचूक वाचली हो! तिथले गुरुजी इतके खूश झाले, की लगेच सगळ्यांना दाखल करून घेतलं."